स्मृतिभ्रंश, सूक्ष्मदर्शक आणि आमची बोली

निवृत्त होऊन सहा वर्षे झालेले आमच्या विभागाचे माजी प्रमुख एके दिवशी सकाळी साडेसातला महाविद्यालयात आले, शिक्षककक्षातल्या आपल्या जुन्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी शिपायाकडे मस्टर मागितले. शिपायाने आमच्याकडे पाहिले, आम्ही एकमेकांकडे पाहिले. कोणीतरी म्हणाले, ‘सर, आज तुम्हाला सुट्टी आहे.’ सर हसले, आम्हीही हसलो, चहा झाला. आणि ते गेल्यावर आमच्यापैकीच एकाने तो शब्द उच्चारला : म्हातारचळ. तो उच्चारणारे आणि त्यावर हसणारे आम्ही दोघेही मराठीचे एम. ए. आहोत, वीस वर्षे दर्यापुरात भाषा शिकवीत आहोत आणि शब्दाला वजन असते हे दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना सांगत आलो आहोत. हे लेखन म्हणजे त्या हसण्याची परतफेड आहे असे कोणी म्हटले तरी आमची हरकत नाही.

म्हातारचळ या शब्दात ‘चळ’ आहे. चळणे म्हणजे जागेवरून ढळणे, आणि मराठीत माणूस चळतो तेव्हा बहुधा त्याच्या वर्तनाला दोष लागतो. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर दोष न लावता थेट निकालच देते. या दोन्हींपेक्षा प्रतिष्ठित असलेला ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द आज आपण वैद्यकीय संज्ञा म्हणून वापरतो. परंतु तो गीतेच्या दुसऱ्या अध्यायातून आलेला आहे आणि तिथे तो क्रोधातून सुरू होणाऱ्या अधःपाताची एक पायरी आहे. म्हणजे शास्त्रीय म्हणून स्वीकारलेल्या शब्दातही ‘घसरला तो आपल्या कर्माने’ ही छटा शिल्लक राहतेच. जपानमध्ये या रोगासाठी रूढ असलेल्या शब्दात मूर्खपणाचा अर्थ होता. तेथील शासनाने २००४ साली तो शब्द बदलून बोधशक्तीशी निगडित असा नवा शब्द रूढ केला. शब्द बदलल्याने रोग बरा होत नाही हे आम्हांस कळते. मात्र माणूस दवाखान्यात जाईल की माजघरात दडवला जाईल, हे पुष्कळदा शब्दावर ठरते.

पण आमचा मुद्दा केवळ संज्ञेपुरता नाही. तो मांडण्यासाठी जरा मागे जावे लागेल.

१९०१ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात एकावन्न वर्षांची एक स्त्री दाखल झाली. तिचे नाव ऑगस्टे डेटर. तिला तपासणाऱ्या डॉक्टरचे नाव आलोईस अल्झायमर. या डॉक्टरांनी तिच्याशी झालेले बोलणे प्रश्नोत्तरांच्या रूपात जसेच्या तसे लिहून ठेवले. नाव विचारले, तिने सांगितले. नवऱ्याचे नाव विचारले, तिने पुन्हा स्वतःचेच सांगितले. ती फ्लॉवरची भाजी आणि मांस खात होती. काय खाता म्हणून विचारले, तर म्हणाली पालक. नाव लिहायला सांगितले, तर ‘श्रीमती’ एवढे लिहून थबकली, पुढचे विसरली. आपण स्वतःच हरवलो आहोत, असे ती म्हणत असे. ही फाईल पुढे हरवली आणि १९९५ साली पुन्हा सापडली. आम्ही तिच्याविषयी वाचले तेव्हा प्रथम मनात आले ते हे, की या रोगाची पहिली नोंद म्हणजे एक संवाद आहे. त्यात वैद्यकाइतकीच भाषा आहे.

१९०६ च्या एप्रिलात ती वारली. तोवर म्युनिकला गेलेल्या अल्झायमरांनी तिचा मेंदू मागवून घेतला, त्याचे पातळ काप केले, त्यांना चांदीच्या क्षाराने रंग दिला आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले. पेशींच्या बाहेर साचलेले थर दिसले आणि पेशींच्या आत गुंतलेल्या धाग्यांचे जुडगे दिसले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथील सभेत त्यांनी हे मांडले. सभेत कोणी प्रश्नसुद्धा विचारला नाही. १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला अल्झायमरांचे नाव दिले.

म्हणजे हा शोध दोन साधनांनी लागला : एक प्रश्नोत्तरे, दुसरे भिंग. गेल्या सव्वाशे वर्षांत या दोहोंपैकी एक कुठल्या कुठे पोचले आणि दुसरे जवळजवळ जागच्या जागी राहिले, हे आमचे प्रतिपादन आहे.

भिंगाची गोष्ट आधी. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला एक मर्यादा असते. सुमारे दोनशे नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू त्याला वेगळे दिसत नाहीत. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. १९६३ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मायकेल किड आणि रॉबर्ट टेरी यांनी पेशींतले ते धागे पाहिले. हे धागे दोरीच्या पिळासारखे जोडीजोडीने गुंफलेले आहेत, असे किड यांच्या ध्यानात आले. १९८४ साली ग्लेनर आणि वाँग यांनी बाहेरच्या थरांतील प्रथिन वेगळे काढले. त्याला आज अमायलॉइड बीटा म्हणतात. आतल्या धाग्यांतील प्रथिन टाउ. प्रकाशाची जुनी मर्यादा ओलांडणाऱ्या सूक्ष्मदर्शकांना २०१४ चे, आणि रेणू गोठवून पाहणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकतंत्राला २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच २०१७ साली केंब्रिजच्या प्रयोगशाळेने एका मृत रुग्णाच्या मेंदूतील टाउच्या धाग्याची घडण अणूअणूपर्यंत उलगडून दाखवली. ऑगस्टे डेटरच्या मेंदूत जो गुंता दिसला होता, त्याचा एकेक पदर आता मोजता येतो.

हे सारे परदेशातच घडते असे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुदीप्त माइती यांनी लेझरच्या प्रकाशाने अमायलॉइडच्या अगदी लहान गुठळ्या मोजण्याचे काम अनेक वर्षे केले. पूर्वी समज असा होता की मोठे, डोळ्यांत भरणारे थर हेच मारक. परंतु त्या थरांच्या आधीच्या, विरघळलेल्या अवस्थेत हिंडणाऱ्या चिमुकल्या गुठळ्या पेशीच्या आवरणाला चिकटतात आणि अधिक घातक ठरतात, या दिशेने त्यांचे संशोधन बोलते. पिठल्यातली मोठी गुठळी चमच्याने काढता येते, बारीक गुठळ्या सगळे पिठले बिघडवतात. उपमा आमच्या स्वयंपाकघरातली आहे, शास्त्रज्ञांना तिचा दोष देऊ नये. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुभाषचंद्रबोस चिन्नतंबी यांच्या गटाने टाउवर काम केले आहे.

चित्रही खोटे बोलू शकते, हे इथेच नोंदवले पाहिजे. अशाच एका लहान गुठळीवर २००६ साली ‘नेचर’मध्ये आलेला आणि पुष्कळ गाजलेला निबंध, त्यातील चित्रांत फेरफार आढळल्यामुळे २०२४ साली मागे घेण्यात आला. त्यामुळे अमायलॉइडचे सगळेच संशोधन खोटे ठरत नाही. पण भिंगाखाली दिसले म्हणजे सत्य, ही आपल्याकडच्या विज्ञाननिष्ठ मंडळींची समजूत थोडी सैल करावी लागते.

आता दुसरे साधन. जिवंत माणसाच्या मेंदूचे काप करता येत नाहीत. मेंदूतील अमायलॉइड दाखवणारे स्कॅन निघाले आहेत, रक्ताच्या तपासण्याही आल्या आहेत. दर्यापूरच्या माणसाने मात्र त्यांचा विचार अमरावती-नागपूरच्याही पलीकडे पाहूनच करावा. इथे रोगाची पहिली चाहूल लागते ती अजूनही अल्झायमरांच्याच रीतीने : समोर बसवून विचारायचे, आज वार कोणता? त्यासाठी जगभर वापरली जाणारी एक चाचणी १९७५ साली फोल्स्टाइन यांनी तयार केली. तीस गुणांची. आम्हा मास्तरांना तीस गुणांची उत्तरपत्रिका म्हटली की आपल्याच घरातली वाटते. आजची तारीख, महिना, वर्ष, आपण कितव्या मजल्यावर आहोत, शंभरातून सात वजा करीत जा, एक वाक्य लिहून दाखवा. जो शाळेत गेला त्याच्यासाठी ही उत्तरपत्रिका आहे. जो गेला नाही तो आधीच नापास.

आम्हा दोघांपैकी एकाच्या आईची शहरातल्या एका दवाखान्यात अशीच परीक्षा झाली. आई शाळेत गेलेल्या नाहीत. वय ऐंशीच्या पुढे. तारीख विचारली, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘पोया चार दिसावर आला.’ (आमच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून पोळ्याचा पोया.) उत्तर बरोबर होते. त्या दिवसापासून पोळा खरोखरच चौथ्या दिवशी होता. कागदावर शून्य पडले. वार विचारला, तर म्हणाल्या, बाजार परवा झाला. पुन्हा शून्य. मजला विचारला, तेव्हा त्यांनी मुलाकडे पाहिले. उभ्या आयुष्यात त्यांच्या घराला मजला नव्हता. शंभरातून सात वजा करता आले नाहीत. याच बाई मजुरांच्या कापूस वेचणीचा किलो आणि भाव यांचा हिशेब बोटांवर करून दिवेलागणीपर्यंत चुकता करीत आल्या आहेत. ‘मध्यम स्वरूपाचा स्मृतिभ्रंश’ असा शेरा घेऊन त्या घरी आल्या. घरात आठवडाभर कोणी नीट जेवले नाही. पुढे एका तज्ज्ञाने घरच्यांशी बोलून, त्या दिवसभर काय काय करतात ते विचारून, शेरा पुसला. त्यांना ऐकू कमी येत होते, एवढेच निघाले. (ऐकू न येणे ही स्वतंत्र गोष्ट नव्हे : टाळता येण्याजोग्या धोक्यांच्या यादीत ‘लॅन्सेट’च्या आयोगाने बहिरेपण ठळकपणे धरले आहे.)

आणि सर? सरांना त्यांच्या मुलाने मस्टरच्या प्रसंगानंतर दोन महिन्यांनी तपासून घेतले होते. सर उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले. तारीख सांगितली, वर सनावळीही सांगितली. वाक्य लिहायला सांगितले, तेव्हा त्यांनी तीन ओळींचे, दोन अर्धविरामांचे वाक्य लिहिले. वयोमानाने थोडे विसरायला होते, काळजी करू नका, असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. घरी मात्र ते बसस्थानकावरून घराचा रस्ता विसरू लागले होते, एकच धनादेश दोनदा लिहीत होते, आणि वहिनी त्यांच्या वाक्यांतली गाळलेली नामे पटकन भरून देत होत्या, म्हणून बाहेरच्यांना काही कळत नव्हते. पक्के निदान व्हायला आणखी दोन वर्षे गेली.

दोन माणसे, दोन चुका, आणि दोन्हींचे मूळ एकच : चाचणी मेंदू मोजण्याऐवजी शाळा मोजत होती.

सरांसारख्यांच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी एक स्पष्टीकरण दिलेले आहे. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ साली अमेरिकेतील जोगिणींचा, म्हणजे ख्रिस्ती नन्सचा, अभ्यास सुरू केला. पुढे ६७८ जणींनी त्यात भाग घेतला आणि मृत्यूनंतर मेंदू देण्याचे मान्य केले. त्यांतल्या काहींची, सरासरी बाविसाव्या वर्षी मठात प्रवेश करताना लिहिलेली आत्मवृत्ते दप्तरात सापडली. ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी अधिक होती, त्यांना सहा दशकांनंतर हा रोग कमी झाला, असा निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाला. भाषेच्या अध्यापकाला हे वाचून फुशारकी मारावीशी वाटेल. आम्ही ती मारणार नाही. कारण दाट लिहिण्याने मेंदू वाचला की मुळातच सशक्त मेंदूने दाट लिहिले, हे त्यावरून ठरत नाही. त्याच अभ्यासातील एक जोगीण एकशे एकाव्या वर्षी वारली. तिच्या मेंदूत रोगाच्या खुणा भरपूर होत्या, तरी तिची उत्तरे अखेरपर्यंत चोख होती. शिक्षण आणि भाषा यांची पुंजी रोग लपवून धरते. मात्र पुंजी सरली की घसरण वेगाने होते. सरांची तीन ओळींची वाक्ये त्यांच्या रोगाची बुरखेदार वकिली करीत होती.

भाषेच्या पुंजीविषयी आपल्या देशातलाही एक दाखला आहे, आणि तो आम्हांस अधिक जवळचा वाटतो. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत रोग सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला, आणि हा फरक निरक्षरांतही दिसला. म्हणजे पुंजी शाळेचीच असावी असे नाही, बाजारात कमावलेलीही चालते. पुढच्या काही अभ्यासांत हा फरक इतका स्पष्ट आढळला नाही, हेही सांगून टाकू. शिवाय कोकणी, कन्नड, तुळू, मराठी, हिंदी अशा कितीतरी भाषा लीलया बोलणारे जॉर्ज फर्नांडिस यांची अखेरची वर्षे याच रोगात गेली. सरासरीचा निष्कर्ष एका माणसाला अभय देत नाही.

आता कोणी म्हणेल, आधी कळले काय, उशिरा कळले काय, औषध तर नाहीच. हे पूर्वी खरे होते. लेकॅनेमॅब या औषधाच्या १७९५ रुग्णांवरील चाचणीचे निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाले. अठरा महिन्यांत घसरणीचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाला. काहींच्या मेंदूत सूज आली, रक्तस्राव झाला. फायदा माफक आहे, खर्च अफाट आहे. पण असली औषधे फक्त आरंभीच्या अवस्थेत दिली जातात. भिंगाने जे कमावले ते प्रश्नोत्तरांच्या दाराशीच अडून राहते, ते असे. आणि औषध बाजूला ठेवले तरी दोन वर्षे आधी कळणे म्हणजे जमिनीची, बँकेची, मुलीच्या लग्नाची कागदपत्रे माणसाने स्वतःच्या शुद्धीत करणे. वहिनींनी नेमके हेच आम्हांला ऐकवले होते.

आकडेही सांगितले पाहिजेत. देशभरच्या वृद्धांच्या पाहणीवर आधारलेला एक अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठीच्या पुढच्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा उलटून वाचावा : शंभरांतल्या ब्याण्णवांना हा रोग नाही. निरोगी वृद्ध मेंदूत नाव उशिरा आठवते, चष्मा सापडत नाही. चष्मा कशासाठी असतो हे विसरणे हा वेगळा मामला. आणि ज्यांना रोग आहे त्यांत खेड्यातली, शाळेत न गेलेली बाई मोठ्या संख्येने आहे. तीस गुणांची ती उत्तरपत्रिका काढताना जिचा विचार कोणी केला नव्हता, तीच.

असा विचार करणारे कोणीच नव्हते असे नाही. हरियाणातील बल्लभगढ परिसरातील निरक्षर वृद्धांसाठी मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली या चाचणीचे हिंदी रूप सिद्ध केले. ते निव्वळ भाषांतर नव्हते. सकाळ आहे, दुपार आहे की संध्याकाळ, असे विचारले. वजाबाकीऐवजी वार उलटे म्हणायला लावले. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक भाषांत चाचण्यांचा संच तयार करवला. पहिल्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. मराठी त्यांत नाही. परदेशी चाचण्यांची मराठी भाषांतरे आहेत, पण ती मराठी बहुतेक पुस्तकी आहे. अभिजात दर्जासाठी आपण सगळ्यांनी घसा कोरडा केला. आजीला वार कसा विचारावा, हा प्रश्न त्या गदारोळात कुठेच नव्हता.

आमच्या मते हे काम डॉक्टरांनी एकट्याने करण्याचे नाही, मराठी विभागांचेही आहे. वऱ्हाडात वेळ कशाने मोजतात? बाजाराने, तिथीने, मिरगाने, पोळ्याने. ‘परवा’ हा शब्द मागेही जातो आणि पुढेही. चाचणीत तो आला तर उत्तर कसे तपासणार? मनगटावरच्या वस्तूला ‘घडी’ म्हटले तर गुण द्यायचा की कापायचा? मेळघाटातल्या कोरकू आजोबांना कोणत्या भाषेत विचारायचे? आणि सरांसारख्यांचे काय? त्यांच्यासाठी घरच्यांना विचारण्याची रीत आहे : दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत यांचे कसे आहे? त्यात माणसाची तुलना अभ्यासक्रमाशी न होता त्याच्या स्वतःशी होते. पण तोही प्रश्न सुनेला कळेल अशा बोलीत विचारावा लागतो.

स्मरणाचे काम आमच्या जिल्ह्याला नवे नाही. चक्रधरांच्या आठवणी गोळा करीत म्हाइंभट ज्याच्या त्याच्याकडे जाऊन विचारत राहिले आणि लीळाचरित्र उभे राहिले, ते याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या परिसरात. पोथी धामधुमीत नष्ट झाली, तेव्हा पाठ असलेल्यांकडून ती पुन्हा मिळवली, असे परंपरा सांगते. कोणाला काय आठवते हे त्याच्याच शब्दांत, पाठभेदांसकट नोंदवण्याची ही शिस्त एम. ए.च्या अभ्यासक्रमात आम्ही परीक्षेपुरती शिकवतो. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. त्याने आणि वऱ्हाडातल्या महाविद्यालयांनी चेतारोगतज्ज्ञांना सोबत घेऊन निरोगी आजी-आजोबांत प्रश्न पारखून पाहिले, तर दोन वर्षांत वऱ्हाडी बोलीतली एक भरवशाची चाचणी हाती येईल, असा आमचा अंदाज आहे. खर्च सूक्ष्मदर्शकाच्या एका भिंगाइतकाही नाही.

एक प्रतिवाद आम्हीच करून ठेवतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या २०१३ सालच्या चित्रपटात स्मृती गमावलेले संस्कृतचे प्रकांड पंडित हत्तीमागून भरकटतात, आणि त्यांना सांभाळते ती माहुताची कानडी बायको. दोघांची भाषा एक नाही. सांभाळायला भाषा लागत नाही, हे मोहन आगाशे आणि अमृता सुभाष यांनी दाखवले ते पटते. ओळखायला मात्र लागते.

आम्ही आमच्यापुरती एक वही घातली आहे. दर्यापूर-बनोसा आणि आसपासच्या पाच गावांतल्या म्हाताऱ्या माणसांना, आज कोणता दिवस हे तुम्ही कशावरून ओळखता, एवढेच विचारतो. पहिल्या पानावर अकरा उत्तरे आहेत. सर्वाधिक आलेले उत्तर आम्हांला सुचलेही नव्हते : नळाला पाणी येण्याचा दिवस. खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, त्यामुळे नळाचा दिवस कोणीही विसरत नाही. मागच्या आठवड्यात सरांकडे गेलो तेव्हा वही सोबत होती. त्यांनी ती मागून घेतली, वाचली, खिशातून पेन काढून ‘तीथी’तली पहिली वेलांटी ऱ्हस्व केली, आणि मग वही मिटून हातात धरीत विचारले, ही कोणाची? आम्ही सांगितले. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारले. आम्ही पुन्हा सांगितले.